मेंदूच्या दाराशी गर्दी

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या शेजारच्या काकांना मधुमेह आहे. चहात साखरेऐवजी ते गोडव्याची गोळी टाकतात. एकदा त्यांनी चष्मा चढवून त्या डबीवरचा बारीक मजकूर वाचून काढला आणि मला हाक मारली. म्हणाले, ‘‘अहो डॉक्टर, इथं लिहिलंय की फिनाइलकिटोन्युरिक व्यक्तींनी हे घेऊ नये. ही कोण माणसं? आणि मी त्यांच्यातला नाही ना?’’

मी म्हटलं, ‘‘नाही काका. तुमच्या पिढीत तसा जन्म झाला असता, तर ही ओळ वाचायला तुम्ही बहुधा शिकलाच नसता.’’

काका गप्प झाले. उत्तर जरा कठोर झालं, हे मलाही जाणवलं. पण ते खोटं नव्हतं. डाएट शीतपेयाच्या बाटलीवर आणि गोड गोळ्यांच्या डबीवर छापलेल्या त्या एका ओळीमागे मोठी हकिकत आहे, आणि ती आपल्या रोजच्या वरण-भातापासून सुरू होते.

वरणातलं, दुधातलं, अंड्यातलं किंवा मासळीतलं प्रथिन पोटात गेलं की पचनात त्याचे तुकडे होतात. माळ तुटून मणी सुटे व्हावेत, तसे. हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. ती वीस प्रकारची असतात. शरीर तेच मणी पुन्हा आपल्या गरजेप्रमाणे ओवतं आणि स्नायू, केस, रक्तातली द्रव्यं घडवतं. या विसांपैकी नऊ अमिनो आम्लं आपल्याला घरच्या घरी तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. फिनाइलअ‍ॅलानिन हे त्यांपैकी एक. नाव लांबलचक आहे, पण वस्तू विषारी नाही. उलट तिच्यावाचून कुणी जगू शकत नाही. गोड गोळीतल्या अ‍ॅस्पार्टेममध्येही हेच फिनाइलअ‍ॅलानिन असतं, म्हणून ती सूचना.

गरज भागून उरलेलं फिनाइलअ‍ॅलानिन यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, टायरोसिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लात बदलून टाकतं. हे एन्झाइम कसं घडवायचं याची कृती आपल्या बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. त्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते आणि माणसाला जन्मभर काही कळतही नाही. पण आई आणि वडील दोघांकडेही एकेक बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता अशी असते की बाळाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच प्रती येतील. एकाच कुळातल्या नवरा-बायकोत एकच बिघाड दोघांकडे असण्याचा संभव जास्त. मामाच्या मुलीशी लग्न ठरवताना ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी बोलत नाही.

अशा बाळाच्या रक्तात फिनाइलअ‍ॅलानिन साचत जातं, नेहमीच्या वीसपट आणि त्याहूनही जास्त. हा आजार म्हणजे फिनाइलकिटोन्युरिया. डॉक्टर मंडळी त्याला ‘पीकेयू’ म्हणतात, आपणही तसंच म्हणू या.

यात चक्रावून टाकणारी गोष्ट ही की बिघाड यकृतात असतो, पण यकृताला काहीच होत नाही. हृदय ठणठणीत, मूत्रपिंडं ठणठणीत. बाळ दूध पितं, वजन धरतं. घाव बसतो तो मुख्यतः मेंदूवर. उपचार झाला नाही तर मूल बसायला, बोलायला उशीर करतं, काही मुलं कधी बोलतच नाहीत. काहींना आकडी येते. बुद्धीची वाढ खुंटते ती कायमची. साऱ्या शरीरात फिरणारं रक्त एकच, मग मेंदूवरच हा राग का?

हा प्रश्न विचारण्याइतकी माहिती मिळाली ती एका आईच्या चिकाटीमुळे. नॉर्वेमधली गोष्ट. तिची दोन्ही मुलं जन्मली तेव्हा धडधाकट होती. पुढे मोठी मुलगी मागे पडत गेली, मग धाकटा मुलगाही. आई एकामागून एक डॉक्टर पालथे घालत होती आणि प्रत्येकाला एक गोष्ट सांगत होती: मुलांच्या अंगाला चमत्कारिक कोंदट वास येतो. डॉक्टर ऐकून घेत आणि सोडून देत. अखेर १९३४ साली हे प्रकरण ऑस्लोमधल्या आस्ब्योर्न फोलिंग यांच्याकडे आलं. फोलिंग डॉक्टर होते, पण त्याआधी रसायनशास्त्र शिकलेले होते. त्यांनी नेहमीची तपासणी म्हणून मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. त्या वेळी मधुमेहाच्या रोग्यांच्या लघवीची ही परीक्षा करत आणि तिचा रंग लालसर-जांभळा होई. या मुलांच्या लघवीचा रंग गर्द हिरवा झाला. असा रंग कुठल्याच पुस्तकात नव्हता.

फोलिंगनी आईला सांगितलं, आठवडाभर मुलांची सगळी औषधं बंद करा. रंग औषधाचा तर नाही ना, हे बघायचं होतं. आठवड्यानंतरही रंग हिरवाच आला. मग दोन महिने ती बाई लघवीच्या बाटल्या आणून देत राहिली, सुमारे वीस लिटर. त्यातून फोलिंगनी फिनाइलपायरुव्हिक आम्ल वेगळं काढलं. रक्तात साचलेल्या फिनाइलअ‍ॅलानिनला नेहमीची वाट सापडली नाही की ते आडवाटेनं जातं आणि त्यातून हे द्रव्य तयार होतं. मग त्यांनी मतिमंदांसाठीच्या संस्थांमधल्या ४३० जणांची तपासणी केली. आणखी आठ जण सापडले. डोक्याच्या एका व्याधीचं कारण रसायनात दिसलं होतं, आणि ते एका आईनं नाकानं ओळखलेलं होतं. तिच्या मुलांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही, तेव्हा उपचारच नव्हता.

पर्ल बक हे नाव आपल्याकडच्या जुन्या वाचकांना परिचित असेल. चीनमधल्या शेतकऱ्यांवरची तिची कादंबरी ‘द गुड अर्थ’ आपल्याकडेही वाचली गेली. तिला १९३८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. तिची मुलगी १९२० साली चीनमध्ये जन्मली तेव्हा दिसायला सुंदर, निरोगी होती. पुढे तिची वाढ थांबली. बकबाईंनी १९५० साली या मुलीवर एक छोटं पुस्तक लिहिलं, ते लिहिताना आजाराचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. तो पीकेयू होता हे कळलं, तोवर मुलगी चांगली मोठी झाली होती.

आता मेंदूकडे वळू.

शरीरात इतरत्र बारीक केशवाहिन्यांच्या भिंतींना फटी असतात, लहानसहान रेणू त्यांतून झिरपून जातात. मेंदूतल्या केशवाहिन्यांचं तसं नाही. तिथल्या पेशी एकमेकींना अगदी घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तात काहीबाही येतं जातं, ते सगळं मेंदूत शिरू नये यासाठीची ही तटबंदी. अमिनो आम्लांना तिच्यातून आत जायचं तर वाहक लागतो. तसे वाहक त्या पेशींच्या आवरणातच बसवलेले असतात. फिनाइलअ‍ॅलानिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन, व्हॅलिन आणि त्यांच्या आणखी काही भावंडांसाठी मुख्यतः एकच वाहक आहे. आणि गोम इथेच आहे.

घाटापलीकडचं एक गाव डोळ्यांसमोर आणा. तिथे जायला एकच एस.टी. रोज तिच्यात शाळेचे मास्तर असतात, गवंडी असतो, सुतार असतो, पोस्टमन असतो. गाडी एरवीही जवळजवळ भरूनच जाते, पण प्रत्येकाला जागा मिळते. एके दिवशी थांब्यावर भलंमोठं वऱ्हाड येऊन उभं राहतं. कंडक्टरला मास्तर कोण आणि वऱ्हाडी कोण याच्याशी कर्तव्य नाही, दाराशी जो घुसेल तो आत. गाडी वऱ्हाडानं भरून निघते, मास्तर आणि गवंडी थांब्यावर राहतात. गावात पाहावं तर माणसांची झुंबड, पण शाळा बंद आणि बांधकाम बंद. आणि हे वऱ्हाड एका दिवसाचं नाही, ते रोज येतं.

पीकेयूमध्ये मेंदूची हीच अवस्था होते. फिनाइलअ‍ॅलानिनच्या गर्दीमुळे टायरोसिन आत पोचत नाही. टायरोसिनपासून मेंदू डोपामिन बनवतो. ट्रिप्टोफॅन पोचत नाही, त्यापासून सेरोटोनिन बनायचं असतं. चेतापेशी एकमेकींशी बोलतात त्या अशाच रसायनांतून. शिवाय आत घुसलेलं जादा फिनाइलअ‍ॅलानिन ही रसायनं बनवणाऱ्या एन्झाइमांच्या कामातही खोडा घालतं. प्रथिनं ओवायला लागणारे बाकीचे मणीही अपुरे पडतात. चेतातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, विजेच्या तारेवरच्या प्लॅस्टिकसारखं. त्याच्यावाचून संदेश नीट धावत नाहीत. हे आवरण चढण्याचं काम जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वांत झपाट्यानं चालतं, आणि पीकेयूच्या बाळाचं नेमकं तेच काम अडतं. यातल्या कुठल्या वाटेनं किती नुकसान होतं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण मेंदूत बाहेरून आलेलं विष असं काही नसतं. रोजचीच माणसं, फक्त प्रमाण चुकलेलं.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. त्वचेचा आणि केसांचा काळा रंग टायरोसिनपासूनच तयार होतो. पीकेयूच्या मुलांत तोही कमी बनतो. म्हणून ही बाळं आईवडिलांपेक्षा गोरी आणि पिंगट केसांची असू शकतात. आपल्याकडे अशा बाळाचं काय होतं, ते सांगायला नको. ‘कुणावर गेलंय हो, किती गोरं!’ म्हणून दृष्ट काढली जाते. गोरं मूल म्हणजे आजारी मूल असं नव्हे, कृपा करून कुणी घाबरू नका. पण घरातल्या सगळ्यांपेक्षा फार उजळ असलेलं बाळ मान धरायला, बसायला, हसायला उशीर करत असेल, तर नुसतं कौतुक करून थांबू नये.

उपचाराची कथा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. १९५१ साली तिथल्या मुलांच्या रुग्णालयात हॉर्स्ट बिकल नावाचे तरुण जर्मन डॉक्टर काम करत होते. त्यांना पीकेयूची एक लहान मुलगी सापडली. निदान झाल्याचा त्यांना आनंद झाला, आईला कसला व्हायचा? ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि विचारायची, नाव कळलं, आता माझ्या मुलीसाठी काय करणार? बिकलनी तिला समजावून पाहिलं की यावर उपाय नाही. ती ऐकेना. शेवटी लंडनचे लुई वुल्फ यांच्या सल्ल्यानं बिकल, एव्हलिन हिकमन्स आणि जॉन जेरार्ड या तिघांनी एक खटाटोप केला. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे मणी सुटे केले आणि ते खास कोळशातून गाळून फिनाइलअ‍ॅलानिन काढून टाकलं. कोळशात टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनही अडकत, ती परत मिसळली. असं दूध त्या मुलीला सुरू केलं.

पहिल्यांदा चूक झाली. फिनाइलअ‍ॅलानिन पूर्ण बंद केल्यावर मुलीचं वजन घटू लागलं. जीवनावश्यक मणीच मिळेना, तेव्हा शरीर आपलेच स्नायू मोडून तो मिळवू लागलं. मग थोडंसं साधं दूध त्यात घालून प्रमाण जमवलं. शून्यही चालत नाही आणि जास्तही चालत नाही, मधल्या अरुंद पट्टीत राहावं लागतं. पीकेयूच्या आईबापांना हे आयुष्यभर करावं लागतं.

प्रमाण जमल्यावर काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली. केस काळसर होऊ लागले. वास गेला. डोकं आपटून घेणं आणि सततचं रडणं थांबलं. पण डॉक्टरांना शंका होती की हा योगायोग तर नव्हे? म्हणून त्यांनी आईला न सांगता दुधात फिनाइलअ‍ॅलानिन परत मिसळलं. दिवसभरातच मुलगी पुन्हा रडू लागली, डोकं आपटू लागली, आणि थोड्याच दिवसांत तिला उभंही राहता येईना. मग आईला खरं सांगितलं आणि पुन्हा मूळ आहार दिला. आज असा प्रयोग कुठलीच नैतिक समिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. त्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर राग येतो. पण १९५३ साली हा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जन्मजात मतिमंदत्व म्हणून हात वर केलेल्या एका आजारावर आहारानं फरक पडतो, याविषयी कुणाला शंका उरली नाही.

मुलीत सुधारणा झाली, तरी गेलेलं सगळं परत आलं नाही. उपचार आधी सुरू व्हायला हवा होता. किती आधी? लक्षणं दिसण्यापूर्वी. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईचं शरीर सांभाळतं, त्यामुळे मूल जन्मतं ते चांगल्या मेंदूनिशी. दूध सुरू झाल्यावर प्रमाण चढू लागतं. डोळ्यांना काही दिसेपर्यंत महिने जातात, आणि मेंदूच्या वाढीचे मोलाचे महिने तेच असतात.

ही अडचण सोडवली ती अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या रॉबर्ट गथ्री यांनी. ते जंतुशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा एक मुलगा मतिमंद होता, पीकेयूमुळे नव्हे. बायकोच्या भाचीला मात्र पीकेयू होता आणि तो वेळेत कळला नव्हता. गथ्रींनी युक्ती अशी केली की एका निरुपद्रवी जंतूची वाढ एका रसायनानं रोखून धरायची. भोवती फिनाइलअ‍ॅलानिन भरपूर असेल, तरच हा जंतू ती बंदी मोडून वाढतो. बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टीपकागदावर सुकवायचा, त्याची चकती जंतूंच्या बशीत ठेवायची. चकतीभोवती जंतूंचं वर्तुळ जितकं मोठं, तितकं रक्तात फिनाइलअ‍ॅलानिन जास्त. खर्च अगदी थोडा, आणि सुकलेला कागद पोस्टानं पाठवता येतो. १९६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्यानं प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी कायद्यानं बंधनकारक केली, मग इतर राज्यं आणि देश आले. आता जंतूंच्या जागी यंत्रं आली आहेत आणि त्याच कागदावरून अनेक आजार एकदम तपासता येतात. कागद मात्र अजून तोच.

आजार सापडला तर पुढे काय, याचा हिशेब आपल्या स्वयंपाकघरात मांडून पाहू. अन्नातल्या प्रथिनात साधारण पाच टक्के फिनाइलअ‍ॅलानिन असतं. तीव्र पीकेयू असलेल्या लहान मुलाला दिवसाकाठी जेमतेम पाच-सात ग्रॅम नैसर्गिक प्रथिन झेपतं. गाईच्या दुधाचा एक पेला दिला की दिवसाचा कोटा संपला! मग वरण, पोळी, अंडं, मासळी, दही, पनीर, शेंगदाणे, काही नाही. भाततर मोजूनच. उरतं काय? फळं, बऱ्याचशा भाज्या, साखर, तूप, तेल आणि साबुदाणा. साबुदाण्यात प्रथिन जवळपास नसतं. एरवी आम्ही डॉक्टर साबुदाण्याला नावं ठेवतो, या मुलांसाठी मात्र तो वरदान. फक्त खिचडीत दाण्याचं कूट नको. प्रथिनाची उरलेली गरज भागवायला फिनाइलअ‍ॅलानिन नसलेली खास पावडर लागते, तिची चव फारशी चांगली नसते, आणि ती महाग असते. लहान बाळाला आईचं दूध बंद करावं लागत नाही. त्यात गाईच्या दुधापेक्षा प्रथिन कमी असतं, पावडरीबरोबर मोजून ते देता येतं. दर काही दिवसांनी रक्त तपासून पट्टी सांभाळायची.

औषधंही आली आहेत. यकृतातल्या त्या एन्झाइमला एका मदतनीस रेणूची गरज असते, तो गोळीच्या रूपात देण्याला अमेरिकेत २००७ साली परवानगी मिळाली. काहींना तो लागू पडतो, सगळ्यांना नाही. मोठ्या माणसांसाठी २०१८ साली इंजेक्शनानं द्यायचं एक एन्झाइम आलं. काही प्रौढ रुग्णांना टायरोसिन, ट्रिप्टोफॅन वगैरे बाकीची अमिनो आम्लं मुद्दाम जास्त देतात. म्हणजे वऱ्हाड हटवता येत नसेल, तर मास्तर आणि गवंडीच इतके पाठवायचे की दाराशी त्यांचाही रेटा लागावा.

आरंभी समजूत अशी होती की मूल शाळेत जाऊ लागलं, मेंदू घडला, की पथ्य सोडलं तरी चालेल. अनेक मुलींनी ते सोडलं. त्या शिकल्या, नोकरीला लागल्या, त्यांची लग्नं झाली. मग त्यांना मुलं झाली आणि एक नवीनच संकट उभं राहिलं. त्यांच्या बहुतेक बाळांना पीकेयू नव्हता, पण ती आईच्या रक्तात वाढली होती. वार, म्हणजे प्लॅसेंटा, अमिनो आम्लं बाळाकडे जास्तच ओढून पाठवते, त्यामुळे बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईपेक्षाही चढतं. लंडनचे चार्ल्स डेंट यांनी १९५६ सालीच हा धोका दाखवला होता. १९८० साली रॉजर लेन्की आणि हार्वी लेव्ही यांनी पाहणी प्रसिद्ध केली. ज्या आयांच्या रक्तातलं प्रमाण फार चढलेलं होतं, त्यांच्या मुलांपैकी ९२ टक्के मुलांत बौद्धिक अपंगत्व होतं आणि ७३ टक्के मुलांची डोकी लहान होती. ज्या उपचारानं आई वाचली, तो सोडल्यामुळे तिचं निरोगी मूल गेलं. आता पथ्य जन्मभराचं सांगतात, आणि गर्भ राहण्यापूर्वीपासून ते कडक पाळलं तर बाळं चांगली निपजतात.

पीकेयूची एवढी चर्चा केली कारण तो सर्वांत नीट समजलेला आहे. त्याची आणखी भावंडं आहेत. अमेरिकेत १९५४ साली जॉन मेंकेस यांनी एका कुटुंबातल्या चार बाळांची हकिकत लिहिली. जन्मानंतर काही दिवसांतच ती आजारी पडली आणि तीन महिन्यांच्या आत गेली. त्यांच्या लघवीला मेपल झाडाच्या गोड पाकासारखा वास येई, म्हणून आजाराला नावही तेच पडलं. यात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तीन अमिनो आम्लांची पुढची वाट बंद असते. मुख्य गुन्हेगार ल्युसिन. इथे महिने मिळत नाहीत, दिवस मिळतात. बाळ दूध ओढेनासं होतं, किंचाळल्यासारखं रडतं, अंग ताठ करतं, मेंदूला सूज येते.

मेपलचा पाक आपल्याकडे कुणी पाहिलेला नाही. पण त्या वासाचं रसायन आपल्या ओळखीचं आहे, मेथीला येणारा वासही त्याच रसायनाचा! परदेशात असं घडलं आहे की आईनं मेथी खाल्ली होती, बाळाच्या अंगाला तो वास आला आणि डॉक्टरांना हाच आजार वाटला. रक्त तपासलं तर बाळ ठणठणीत. आपल्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू देतात, तेव्हा नुसत्या वासावरून कुणी निदान करू नये. पण वास आहे आणि बाळ दूधही ओढत नाही, सुस्त पडलं आहे, तर ‘मेथीचा असेल’ म्हणून घरी थांबूही नये. रक्तातली अमिनो आम्लं मोजणं हाच निवाडा.

मोठ्या माणसांतही असा तोल बिघडतो. यकृत आक्रसलं की रोग्याचा दिवस-रात्रीचा फेर उलटा होतो, अक्षर बिघडतं, पुढे धरलेले हात फडफडतात. मुख्य दोष अमोनियाचा, पण यांच्या रक्तात ल्युसिनचं कुटुंब कमी आणि फिनाइलअ‍ॅलानिन-टायरोसिन जास्त असंही आढळतं, आणि पुन्हा त्याच एस.टी.च्या दाराशी मारामारी. पूर्वी अशा रोग्यांचं प्रथिन सरसकट बंद करत. ते चुकीचं ठरलं आहे. त्यानं स्नायू झिजतात आणि अमोनिया हाताळण्याचं काम स्नायूही करत असतात. तेव्हा यकृताच्या रोग्याची डाळ घरच्या घरी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

राहिला आपला प्रश्न. युरोपात साधारण दहा हजारांत एका बाळाला पीकेयू असतो. आपल्या देशात प्रत्येक नवजात बाळाची अशी तपासणी सरसकट होत नाही. गोव्यानं २००८ साली सरकारी कार्यक्रम सुरू केला होता. बऱ्याच खासगी रुग्णालयांत ती मागितली तर होते. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या दुर्मीळ आजारांच्या धोरणात पीकेयू आणि मेपल पाकाचा आजार हे दोन्ही खास आहारानं सांभाळता येणाऱ्या आजारांच्या गटात आहेत. धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे, आणि २०२२ पासून मदतीची मर्यादा पन्नास लाख रुपयांपर्यंत आहे. पण मदत मिळायला आधी निदान व्हावं लागतं.

घरात कुणाचं बाळंतपण जवळ आलं असेल, तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आधीचं मूल काही कारण न कळता पहिल्या महिन्यात गेलं असेल, किंवा नवरा-बायको नात्यातले असतील, तर ते आपण होऊन सांगा. नमुना जन्मानंतर एक ते तीन दिवसांत घेतात, दूध सुरू झाल्यावर. टाचेच्या कडेला टोचून चार-पाच थेंब टीपकागदावर घेतात आणि कागद सावलीत तीन-चार तास सुकवून पाकिटात घालतात. बाळ मिनिटभर रडतं. पाकिटावर आपला फोन नंबर नीट लिहिला आहे ना ते पाहा, कारण बाळंतीण तोवर माहेरी गेलेली असते. आणि अहवाल आला का, हे आपण स्वतः फोन करून विचारा.